आधी पत्रा, मग इंजिन

जुनी प्रीमियर पद्मिनी किंवा तिच्याआधीची फियाट बघायला कोणी निघालं, की मी त्याला एक गोष्ट आवर्जून सांगतो. बॉनेट उघडू नका. विकणारा आधी तेच उघडणार आहे. इंजिन पुसून ठेवलेलं असेल, चोक ओढून एका सेल्फात चालूही होईल आणि त्या आवाजानं तुमचा निम्मा निर्णय तिथेच होऊन जाईल. तुम्ही ड्रायव्हरच्या पायाखालचं मॅट उचला. त्याखालचा काथ्याचा किंवा नमद्याचा थर उचला आणि पेचकसाच्या मुठीनं पत्रा ठोकत पुढून मागे जा. टणटणीत आवाज आला तर पुढचं बोलणं करा. आवाज बद्द झाला किंवा मूठ आत दबली, तर इंजिन कितीही गोड चालत असो, तुम्ही गाडी विकत घेत नसून दोन वर्षांचं पत्राकाम विकत घेताय.

कारण या गाडीच्या बांधणीतच आहे. जीपला खाली वेगळी लोखंडी चॅसी असते, त्यामुळे वरची बॉडी सडली तरी गाडी उभी राहते. फियाट 1100 ला तशी चॅसी नाही. 1953 मध्ये इटलीत आलेल्या 1100-103 या मॉडेलपासून तिचा पत्रा हाच तिचा सांगाडा आहे. तळाचा पत्रा, दाराखालचे पोकळ चॅनेल, दारांमधले खांब आणि छप्पर एकमेकांना वेल्ड केलेले असतात आणि सगळा भार मिळून पेलतात. इंजिन खराब झालं तर बोअर करता येतं, क्रँक घासता येतो, वेळ पडली तर दुसरं इंजिन बसवता येतं. दुसरा पत्रा मात्र कुठल्याही दुकानात मिळत नाही. असं असूनही घरी जुनी गाडी सांभाळणारे बहुतेक लोक पहिला पैसा इंजिनावर घालतात, दुसरा रंगावर, आणि पत्र्याची पाळी येते तेव्हा हातात फारसं काही उरलेलं नसतं. हा क्रम उलटा करायला हवा, एवढ्यासाठीच हा लेख.

ही गाडी आपल्या कुर्ल्यात बनली. वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 मध्ये स्थापन झाली आणि 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला फियाटशी करार होऊन तिथे इटालियन मोटारी जोडल्या जाऊ लागल्या. गोलसर नाकाची ‘डुक्कर फियाट’ त्याच दशकातली. तिची पुढची दारं आजच्या उलट, मागच्या बाजूला बिजागऱ्या असलेली. 1964 मध्ये 1100 डी आली, लोकांच्या तोंडी ‘डिलाइट’. दारं सरळ झाली, कडा चौकोनी झाल्या. तोच आकार पुढे प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी या नावानं शतकाच्या अखेरीपर्यंत चालला. 1089 सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, चाळिसेक अश्वशक्ती, स्टिअरिंगच्या दांड्यावर गिअर. गाडी तीन दशकांहून जास्त काळ फारशी बदलली नाही, याबद्दल त्या काळी ग्राहकांनी कपाळाला हात लावला. आज तीच गोष्ट आपल्या पथ्यावर पडली आहे, कारण 1968 च्या गाडीला 1988 च्या गाडीचे कितीतरी भाग बसतात.

29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षांची झाली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावरून उतरली. त्या दिवसांत जे छापून आलं ते बहुतेक आठवणींचं होतं. घरी फियाट ठेवणाऱ्यांचं नुकसान वेगळ्या जातीचं होतं आणि ते कितीतरी आधी, टॅक्सीच्या वयाची मर्यादा पंचवीसवरून वीस वर्षांवर आली तेव्हाच सुरू झालं होतं. घरची फियाट टॅक्सीच्या आधारानं जगत होती. टॅक्सी रोज धावायची, तिला सतत क्लच प्लेट, व्हील सिलिंडरचे किट, टाय रॉडचे एंड, पॉइंट लागायचे. म्हणून लहान कारखाने ते भाग काढत होते, दुकानदार ते भरून ठेवत होते आणि मिस्त्रींच्या हातांना सराव होता. रविवारी एकदा बाहेर निघणाऱ्या गाड्यांवर एवढा पसारा पोसला जात नाही. पूर्वी जो मिस्त्री आठवड्यात चार फियाटचे हेड खोलायचा, त्याच्याकडे आता सहा महिन्यांत एखादी येते. त्याचा मुलगा स्कॅनर लावून दोष शोधणारं काम शिकला आहे, आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. म्हणून थोडंफार काम मालकानं स्वतः शिकून घेणं हा आता छंद राहिलेला नाही. ती गाडीची गरज आहे.

सुदैवानं शिकायला याहून सोपी गाडी मिळणं अवघड. तिच्यात संगणक नाही, सेन्सर नाही. बॉनेटखाली जे आहे ते दिसतं आणि बहुतेक ठिकाणी हात पोचतो. जुने मिस्त्री नवशिक्याला सांगतात तो क्रम साधा आहे: गाडी चालू होत नसेल तर आधी करंट बघ, मग पेट्रोल, आणि दोन्ही असतील तरच पुढचा विचार कर. प्लग काढून त्याचं टोक बघितलं तरी अर्धं निदान होतं. बिस्किटी रंग असेल तर इंजिन खूश आहे. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय, ओला तेलकट काळेपणा असेल तर रिंग किंवा व्हॉल्व्हमधून ऑइल वर येतंय, आणि पांढरट असेल तर पेट्रोल कमी पडून आतली उष्णता वाढली आहे. या पांढऱ्या रंगाकडे आपण पुढे परत येणार आहोत.

पॉइंट हे घरी शिकण्याचं पहिलं काम. डेल्कोचं झाकण काढलं की आत दोन बारीक टिकल्या एकमेकींवर टेकलेल्या दिसतात. त्या उघडतात त्या क्षणी कॉइलमधून प्लगला ठिणगी जाते. त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरच्या जराशी आत असावी लागते आणि ती फीलर गेजनंच मोजावी लागते, अंदाजानं नाही. फट वाढली तर ठिणगी वेळेआधी पडते, कमी झाली तर उशिरा. म्हणून फट बदलली की टायमिंग तपासायचंच. कॅमवर ग्रीसचा अगदी तांदळाएवढा ठिपका लावायचा, जास्त नाही, कारण उडालेलं ग्रीस टिकल्यांवर बसलं की गाडी मिस मारायला लागते. आणि पॉइंट पुन्हा पुन्हा जळत असतील तर पॉइंट बदलत बसू नका. दोष बहुधा शेजारच्या कंडेन्सरमध्ये असतो.

टॅपेटच्या बाबतीत मात्र नवशिके हमखास घाई करतात. त्यांना आवाज नकोसा वाटतो, म्हणून ते टॅपेट आवळत जातात. थोडी टकटक चालेल. पूर्ण शांतता धोक्याची. फट उरलीच नाही तर गरम झाल्यावर व्हॉल्व्ह नीट बसत नाही, ज्वाळा त्याच्या कडेनं निसटते आणि व्हॉल्व्ह जळतो. ज्यांचे कान तयार आहेत असे मिस्त्री लांब पेचकसाचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानाशी धरतात आणि टकटक टॅपेटची की बेअरिंगची ते सांगतात. ते ऐकायला मिळालं तर शेजारी उभं राहून आपणही ऐकावं. पुस्तकातून हे येत नाही.

एक जुनी खोड मोडायला हवी. गाडी गरम होते म्हणून आपल्याकडे थर्मोस्टॅट काढून फेकण्याची पद्धत पडली. उन्हाळ्यात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या फियाट ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना त्यामागची भीती कळेल. पण थर्मोस्टॅटशिवाय इंजिन छोट्या फेऱ्यांत कधी पुरेसं तापतच नाही. ऑइलमधला ओलावा उडत नाही, चिखल साठतो, बोअर लवकर झिजतात. गाडी गरम होण्याची खरी कारणं बहुतेक वेळा साधी असतात: रेडिएटरच्या नळ्यांत साचलेला क्षार, सैल पट्टा, गळणारं झाकण, मागे पडलेलं टायमिंग. या इंजिनाचं हेड अॅल्युमिनियमचं आहे आणि ब्लॉक ओतीव लोखंडाचा. दोन वेगळे धातू आणि मध्ये नळाचं क्षारयुक्त पाणी असलं की अॅल्युमिनियम आतून खात जातं. म्हणून रेडिएटरमध्ये साधं पाणी नको, कूलंटच हवा. आणि हेड उतरवलंच तर बसवताना नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्यानं, टॉर्क पान्यानं आवळायचे. एका बाजूनं सुरुवात केलेलं हेड वाकतं आणि पॅकिंग काही महिन्यांत पुन्हा उडतं.

इतकं इंजिनाबद्दल पुरे. आता पाण्याकडे येऊ.

कोकणपट्टीत, मुंबईत, गोव्यात हवेतच मीठ आहे, आणि चार महिने पाऊस. पुण्या-नाशिकच्या गाड्या त्या मानानं बऱ्या टिकतात, पण त्यांच्याही तळाला पाणी पोचतंच. ते वाहत्या रस्त्यावरून जेवढं येतं त्यापेक्षा जास्त वरून, आतून येतं. पुढच्या काचेभोवतीचं रबर वाळून आखडलं की कोपऱ्यातून थेंब डॅशबोर्डमागे उतरतो आणि थेट पायांखालच्या काथ्यात मुरतो. वरून मॅट कोरडं दिसतं, खाली काथ्या ओला राहतो, आणि पत्रा महिनोन्‌महिने त्या ओल्या थराखाली पडून असतो. दाराच्या काचेवरून पाणी दारात उतरतंच. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाला छिद्रं ठेवलेली असतात. धूळ आणि पानांच्या चुऱ्यानं ती बुजली की दार आतून कुजायला लागतं आणि एक दिवस रंगाला खालच्या कडेशी फोड येतो. फोड दिसेपर्यंत पत्रा आरपार गेलेला असतो.

यावरचे उपाय स्वस्त आहेत. पावसाळ्यापूर्वी सगळी मॅट आणि खालचे थर काढून ठेवा. चार महिने पाय उघड्या पत्र्यावर राहिले तर काही बिघडत नाही. दाराची आणि चॅनेलची छिद्रं बारीक तारेनं मोकळी करा. एकानं आत टॉर्च घेऊन बसावं आणि दुसऱ्यानं बाहेरून पाइपनं हळूहळू पाणी सोडावं, खालून वर. वरून सुरुवात केली तर गळती कुठली ते कळत नाही. झाकायला प्लास्टिकचं कव्हर वापरू नका, त्याच्याखाली वाफ कोंडते. छताखाली गाडी असेल तर सुती कव्हर पुरतं. आणि दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार जरूर घाला, पण ग्रिलमध्ये अडकलेली ओली फुलं आणि कुंकू दुसऱ्या दिवशी काढा. कित्येक गाड्यांच्या ग्रिलमागे नेमका त्या हाराच्या आकाराचा गंज धरलेला मी पाहिला आहे.

डांबराच्या लेपाबद्दल मला कळकळीनं सांगायचं आहे. तळाला काळा लेप मारून घेतला की गाडी सुरक्षित झाली, असा समज घट्ट बसला आहे. स्वच्छ, कोरड्या, प्राइमर मारलेल्या पत्र्यावर तो लेप चांगला. गंजावर मारलेला लेप गंजाला पांघरूण होतो. खाली काम चालू राहतं आणि वर काही दिसत नाही. लेप मारण्याआधी खरवडून धातू उघडा झालाच पाहिजे, आणि पोकळ चॅनेलमध्ये छिद्रातून पातळ मेण फवारलं पाहिजे. काही मिस्त्री तिथे जुनं इंजिन ऑइल सोडतात. त्यानं गंज थांबतो खरा, पण ते रबरांना खातं आणि सोसायटीच्या फरशीवर, तिथून गटारात ठिबकत राहतं.

लांबीचंही तसंच. पत्र्यावरचा खड्डा भरायला लांबी असते, पत्र्याच्या जागी बसायला नाही. विकत घेताना पातळ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक दाराच्या खालच्या कडेवरून, चाकांच्या कमानीवरून आणि मागच्या काचेखालून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे आत लांबीच लांबी आहे.

आणि चॅनेल कापून नवा बसवायची वेळ आलीच, तर एक नियम कुणाच्याही भिडेखातर मोडू देऊ नका. कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी टेकू वेल्ड करून घ्या, आणि एका वेळी एकच बाजू कापा. दोन्ही बाजू एकदम कापल्या की सांगाडा मधून बसतो. वेल्डिंग सुंदर होतं, रंग सुंदर होतो आणि दार लागत नाही. मग दार ठोकून बसवतात, बिजागऱ्या वाकवतात, आणि ती गाडी पुढे कधीच सरळ होत नाही. अशा गाड्या लांबून ओळखू येतात. दाराची फट वर बारीक आणि खाली रुंद असते.

पत्र्यानंतर दुसरा क्रमांक ब्रेकचा, इंजिनाचा नाही. चारही चाकांना ड्रम आहेत. ब्रेक फ्लुइड हवेतला ओलावा शोषतं, मुंबईत तर फारच लवकर. त्या पाण्यानं व्हील सिलिंडर आतून गंजतात आणि घाटात उतरताना तेच पाणी उकळून पॅडल मऊ पडतं. दर दोन वर्षांनी फ्लुइड पूर्ण बदला, मग गाडी कितीही कमी चाललेली असो. सिलिंडर खराब झाले असतील आणि मूळ मिळत नसतील, तर त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह बसवून घेता येते, आणि ते काम नव्या स्वस्त सिलिंडरपेक्षा जास्त टिकतं. ड्रममधली धूळ फुंकून किंवा हवा मारून उडवू नका. जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या. गाडीखाली जाताना नुसत्या जॅकवर विश्वास ठेवू नका. स्टँड लावा, चाकांना ओट लावा. ही शिस्त मोडल्यामुळे माणसं गेली आहेत.

आता तो प्लगचा पांढरा रंग. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. इथेनॉलमध्ये स्वतःचा ऑक्सिजन असतो आणि त्याची ऊर्जा पेट्रोलच्या जवळपास दोनतृतीयांश. नव्या गाडीचा संगणक ते ओळखून जास्त इंधन सोडतो. सोलेक्स कार्ब्युरेटरला ते कळायचा मार्गच नाही. जेट जेवढं आहे तेवढंच सोडतं, मिश्रण पातळ पडतं, गाडी सकाळी कुरकुरते आणि चढावर तापते. जेट एक पायरी मोठं करून प्लगचा रंग पुन्हा बिस्किटी येईपर्यंत बघत राहणं हे घरी करता येण्याजोगं काम आहे. रबराचं काम त्याहून तातडीचं. जुने पेट्रोल पाइप, पंपाचा पडदा, कॉर्कचं पॅकिंग इथेनॉलमध्ये फुगतात, मऊ पडतात, मग चिरतात. इंजिनाच्या उष्णतेजवळ चिरलेला पाइप म्हणजे आग. इथेनॉल सोसणारे पाइप घाला, क्लिप नव्या घाला आणि हाताशी आग विझवायचं नळकांडं ठेवा. यात काटकसर करू नये. शिवाय इथेनॉल पाणी ओढतं. टाकी अर्धी ठेवून गाडी महिनाभर उभी केली तर पाणी आणि इथेनॉल वेगळे होऊन तळाशी बसतात आणि टाकी आतून गंजते. उभी करायचीच असेल तर टाकी भरून ठेवा, आणि मुळात इतका वेळ उभी ठेवू नका.

उभी ठेवण्यावरून कायद्याचा मुद्दा येतो. 2021 मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ अक्षरांच्या क्रमांकाखाली नोंदवता येते. शुल्क 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. 1974-75 च्या पद्मिनी आता या ओळीत आल्या आहेत आणि मालकांना मोह होतो. पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, देखभाल, पेट्रोल भरणं एवढ्याच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते, रोजच्या वापरासाठी नाही. राजघराण्याच्या रोल्सला हे ठीक आहे. पद्मिनीसारख्या गाडीची पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी होणारी नेहमीची फेरनोंदणी, तिची वाढलेली फी आणि तपासणीचा त्रास सोसूनही, मला जास्त योग्य वाटते. उभ्या गाडीचे ऑइल सील वाळतात, व्हील सिलिंडर चिकटतात, टायर एका जागी बसतात. आठवड्याला वीस-पंचवीस किलोमीटर, इंजिन पूर्ण तापेपर्यंत चालवलेली गाडी कुठल्याही प्रदर्शनातल्या गाडीपेक्षा जास्त निरोगी असते. नुसती जागेवर पाच मिनिटं चालू करून बंद करण्यानं मात्र भलं होत नाही. सायलेन्सरमध्ये पाणी साठतं आणि तो आतून सडतो.

भाग शोधायला पुण्यात नाना पेठ आहे, आणि रविवारी-बुधवारी जुना बाजार. मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. जाताना जुना भाग सोबत न्या आणि शेजारी ठेवून जुळवा. नाव एकच असलं तरी डायनॅमोच्या गाडीचा आणि अल्टरनेटरच्या गाडीचा ब्रॅकेट वेगळा असतो, आणि दुकानदारही हल्ली चुकतो. नव्यानं बनवलेल्या रबरी भागांवर नखानं दाबून बघा. दगडासारखं कडक किंवा चिकट मऊ असेल तर ते एक उन्हाळाही काढणार नाही. जुना पडून राहिलेला अस्सल माल मिळाला तर धातूचा भाग डोळे मिटून घ्या, रबराचा भाग मात्र घेऊ नका. पेटीत बंद असलं तरी चाळीस वर्षांत रबर म्हातारं होतंच. आणि काढलेला कुठलाही भाग, अगदी झिजलेला कार्ब्युरेटरसुद्धा, भंगारात देऊ नका. उद्या त्याच्यातलाच एखादा स्क्रू लागेल.

गाडीची एक वही ठेवा. कधी काय बदललं, कुठल्या मापाचं जेट घातलं, कुठल्या मिस्त्रींनी हेड बसवलं, बोअर कितव्या मापाचा आहे. मिस्त्रींच्या डोक्यात असलेली माहिती त्यांच्याबरोबर जाते. एक सत्तरी ओलांडलेले मिस्त्री काम करताना मालकाच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सारखं सांगत होते, ‘‘ताई, हे लिहून घे, मी सांगतोय तोवर.’’ ती लिहीत होती, आणि खोलण्याआधी प्रत्येक जोडाचा मोबाइलवर फोटोही काढत होती. सुटे नट लहान पिशव्यांत, पिशवीवर नाव.

पाऊस संपला की या कामांचा हंगाम सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीत मॅट काढून तळ उन्हात सुकवा, जॅक-स्टँड लावून खालून टॉर्चनं चॅनेल बघा, पेचकसानं संशयाच्या जागा टोचा आणि खडूनं खुणा करा. जिथे पत्रा गेला आहे तिथलं वेल्डिंग नोव्हेंबर-डिसेंबरात करून घ्या. हवा कोरडी असते, प्राइमर नीट बसतो, घाई नसते. रंगाचं काम फेब्रुवारीपर्यंत लांबलं तरी चालेल. मेण फवारणं मार्चनंतर, ऊन तापल्यावर, म्हणजे ते पातळ होऊन सांध्यांत शिरतं. इंजिन खोलायचं मनात असेल तर ते मे महिन्यासाठी ठेवा, किंवा पुढच्या वर्षासाठी.